रजेचं कारण

“प्यायलायस काय रे?” यार्डचा सुपरवायझर भावेश ट्रेलरच्या केबिनच्या पायरीवर चढून निकेतचं तोंड हुंगत होता.

“सकाळपासून चहा सोडून काय न्हाय घेतलं. तिसऱ्यांदा सांगतोय.”

मघाशी ट्रेलर मागे घेताना निकेतनं डाव्या आरशाकडे नजर वळवली आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं झालं. क्षणभरच. त्यानं ब्रेक दाबला. ट्रेलरच्या मागे, चार हातांवर, कंटेनरचं सील तपासणारी जागृती उभी होती. तिला काही कळलंही नव्हतं.

आठ दिवस हेच चाललं होतं. नजर फिरवली की झटका, उभं राहिलं की चक्कर, आणि पोरीच्या हातून पेन्सिल पडली तरी ओरडावंसं वाटायचं. आई गेल्यावर निकेत चार महिने घरात पडून होता. उरणच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो पुन्हा स्टिअरिंगवर बसला. दीड वर्ष बरं गेलं. मग “धडधाकट माणूस तू, वेड्याच्या गोळ्या कशाला खातोस?” म्हणून मेहुण्यानं डिवचलं आणि त्यानं त्या एका दिवसात बंद केल्या. आता तोच मेहुणा पित्त म्हणत होता, शेजारीण नजर लागली म्हणत होती, आणि बायको, रचना, म्हणत होती की जुनं दुखणं उलटलं. डॉक्टरांना विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. त्यालाही नाही.

आज मात्र त्यानं केबिनमधूनच डॉक्टरांना फोन लावला.

“एकदम सोडल्यात ना? त्याचाच त्रास आहे हा,” सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले. “संध्याकाळी या. परत सुरू करून हळूहळू कमी करू. तोवर गाडी चालवायची नाही.”

“मग हे आधी सांगायचं ना!”

“सोडताना विचारलंत कुठे?”

निकेत खाली उतरला आणि त्यानं चावी भावेशच्या हातात दिली.

“अरे, मागं वीस गाड्या लायनीत हायत!”

“मागं माणूस पण होतं.”

ऑफिसात भावेशनं रजेचा अर्ज पुढे सरकवला. “ताप लिही. खरं लिहिलंस तर साहेब परत गाडी देतील काय?”

निकेतनं पेन उचललं. मग त्यानं लिहिलं, ‘डिप्रेशनच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्यामुळे चक्कर येते. डॉक्टर सांगतील तेव्हा गाडी चालवीन.’

भावेशनं ते दोनदा वाचलं. “सही राहिली,” एवढंच म्हणाला.

निकेतनं पूर्ण नाव लिहून सही केली. फाटकाबाहेर ट्रेलरची रांग लागली होती. मान न वळवता, सगळं अंगच फिरवून, त्यानं आधी एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या, आणि सावकाश रस्ता ओलांडला.