गिऱ्हाईक बनून चर्चमध्ये

पल्लवीचं काम तसं सोपं होतं. गिऱ्हाईक बनून जायचं, कोणाला सुगावा लागू द्यायचा नाही आणि मोबाईलवर मार्क भरून पुण्याच्या कंपनीला पाठवायचे. आजवर तिने वसमत-कळमनुरीतली दुकानं, पेट्रोलपंप तपासले होते. या खेपेला कंपनीने चर्च चालवणाऱ्या एका मिशनचं काम धरलं आणि गिऱ्हाईक व्हायचं होतं चक्क चर्चमध्ये! ज्या चर्चला मार्क कमी, ते बंद.

कळमनुरीजवळच्या तांड्यावर, पत्र्याच्या चर्चमध्ये ती मागे सतरंजीवर गुपचूप बसली. पण बसू देतील तर ना! कोणाची तू, गाव कोणतं, मामा कोण? म्हातारी जिवनबाई तर मांडीला मांडी लावून बसली. अनोळखी बाई एकटी आली म्हणजे तिला काहीतरी दुःख असणारच, हे सगळ्यांनी धरूनच टाकलेलं.

"सांग माय, काय तकलीफ हाय?"

सगळी उपासना तिच्यासाठी खोळंबली. पल्लवी वैतागली आणि सुटका व्हावी म्हणून बोलून गेली, "आई अंथरुणाला खिळलीय." झालं! घराचा पत्ता विचारून घेतला आणि पास्टर प्रेमदाससकट सगळे तिच्या आईसाठी डोळे मिटून प्रार्थनेला बसले ते उठेचनात. परतीच्या बसमध्ये तिने रागारागात मार्क भरले. वेळेची शिस्त नाही, पाहुण्याला मोकळं सोडत नाहीत. बंदच करा, असा शेरा मारून पाठवूनही दिलं.

दोन दिवसांनी वसमतला तिच्या दारात ॲपे रिक्षा थांबली. जिवनबाई, पास्टर आणि आणखी बाया मोसंब्या घेऊन उतरल्या. आजारी माणसाला भेटायला नको का यायला? तेवढ्यात पल्लवीची आई भागूबाई हळदीचं पोतं ओढत अंगणात आली.

"उठली! माय उठली!" जिवनबाईने तिला मिठीच मारली.

"मला काय धाड भरली?" भागूबाई खेकसली. पण ऐकतंय कोण! जिवनबाईच्या डोळ्यांना धार लागलेली.

"रविवारी दोघी या. देवानं बरं केलं म्हून समद्यांसमोर साक्ष द्या."

पल्लवीच्या डोक्यात तिडीक गेली. या लोकांवर, कंपनीवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

"मावशी, आई आजारी नव्हतीच. मी खोटं बोलले. तुमचं चर्च ठेवायचं का बंद करायचं, ते बघायला मला पाठवलं होतं."

जिवनबाईने विचारलं, "मंग काय सांगितलंस?"

"बंद करा म्हणून."

मग जिवनबाईने मोसंब्या भागूबाईच्या ओटीत घातल्या. "तुमी धडधाकट हाव, हे लय झालं," म्हणाली आणि रिक्षाकडे वळली.

त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर पल्लवीला बरं वाटलं असतं.