एका शब्दात सोडतो

जात : रॉटवायलर.

हा रकाना आधीच भरलेला होता. हा एकदा वाचला की पुढचे कोण वाचतंय, असं तिला वाटून गेलं. पुढे सगळं कोरं होतं. चावलेल्या कुत्र्यांच्या या परीक्षेत ढोल्या पास झाला तर दुसरं घर, नापास झाला तर मरणाचं इंजेक्शन.

पाळण्याचा हेतू : राखण.

नवऱ्यानेच आणला होता. "नुसतं नाव ऐकून चोराची पाचावर धारण बसेल," असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. आता तोच हाताला बँडेज बांधून बाहेर गाडीत बसला होता आणि फोनवर कुणाला तरी सांगत होता, "ही जातच तसली रे. कधी उलटेल, नेम नाही."

ढोल्या आत फतकल मारून बसला होता. परीक्षक बाईंनी काठीला बांधलेला रबरी हात त्याच्या खाण्याच्या भांड्यात घातला. त्याने सरकून हाताला जागा करून दिली.

"अहो, हा कसला राखणदार! हा तर चोराला खुर्ची देईल," बाई हसल्या.

तीही हसली. किती दिवसांनी.

मग दोरखंड. ढोल्याने तो असा धरला की बाई दोन पावलं ओढल्या गेल्या.

"सोडायला सांगा बघू."

"सोड," ती पुटपुटली.

दोरखंड खाली.

बाईंचं पेन थांबलं. "एका शब्दात? शिकवलेले कुत्रेही इतक्या पटकन सोडत नाहीत, ताई. डॉक्टरांच्या कागदावर चारच दातांच्या खुणा आहेत, एकदाच धरून सोडल्याच्या. म्हणजे त्या दिवशीही कुणीतरी हा शब्द म्हटला आणि याने ऐकला. एवढं लिहिता आलं तरी हा वाचतो. कोण होतं खोलीत?"

त्या वेळी हजर व्यक्ती :

बुक्की. दुसरी. कपाटाची कड खांद्यात. तिसरीसाठी वर गेलेला हात आणि मध्येच काळं काहीतरी. सोड, ढोल्या, सोड.

इथे स्वतःचं नाव घातलं की खालचा रकाना होता : चावण्याआधी काय घडलं. तो भरून तिला त्याच गाडीत बसायचं होतं, त्याच घरी जायचं होतं. ढोल्या वाचला तरी दुसऱ्याच कुणाच्या घरी असणार होता.

बाहेर हॉर्न वाजला.

"हे एकटेच होते," ती म्हणाली. "मी बाहेर गेले होते."

"ताई, पुन्हा विचारते."

"बाहेरच होते हो."

चावण्याचं कारण : काही नाही.

पुढचा, निकालाचा रकाना बाईंनी हाताने झाकून भरला.

मागच्या दाराने पट्टा घेऊन माणूस आला. ढोल्या निमूट उठला, दाराशी पोचला, वळला आणि तिची बाही दातांत धरली. कातडीला धक्का न लावता. माणसाने पट्टा ओढला. बाही ताणली गेली, खांद्याची शिवण उसवली, आतलं काळंनिळं दिसलं.

बाई नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

पुन्हा हॉर्न.

"सोड," ती म्हणाली.