लातिरची वेगळी थाळी

मित्रांनो, मी परात आहे. तामचिनीची, वयाने जुनी आणि स्वभावाने तिखट. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा.

एका कारखान्यात पत्र्यावर पांढरा थर चढवून मला भट्टीत भाजलं आणि पोटात लाल फूल काढलं. समुद्रकाठच्या जोआल गावच्या बाजारातून सिगा आत्याने मला उचललं ते यांदेच्या लग्नासाठी. यांदे ही आत्याच्या धाकट्या भाच्याची, जोगोयची बायको. थोरला भाचा लातिर. त्याची बायको लवकर वारली, पोरंबाळं नव्हती, म्हणून तोही त्याच अंगणात राहायचा. दोघे भाऊ एकाच होडीवर मासे धरायचे. होडी लातिर चालवायचा.

रोज दुपारी माझ्यात मासळीभात पडायचा आणि माझ्याभोवती सगळं घर बसायचं. दोघे भाऊ, यांदे, तिच्या दोन मुली, आत्या. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक जायची, "ये रे, हात धुऊन बस!" शेजारीण म्हणायची, "यांदे, तुझ्या परातीला बूड आहे की नाही?" मला भारी गर्व वाटायचा. अशी बारा वर्षं गेली.

मग एका पावसाळ्यात वारा वाईट असताना लातिरने होडी काढली. ती उलटली. लातिर पोहत परत आला. जोगोय आला नाही.

चाळीस दिवस माणसांची रीघ होती. रडणारे माझ्यातच जेवून गेले. पाहुणे पांगले त्या दुपारी लातिरने पहिला घास उचलला आणि यांदे थंडपणे म्हणाली, "माझा नवरा खाल्लात, भाऊजी. आता भातही खा."

लातिरने घास माझ्यात परत ठेवला आणि तो उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने कुठूनशी पत्र्याची एक थाळी आणली. जाळी ठेवायच्या खोपटात, भिंतीकडे तोंड करून तो एकटा जेवला.

"बोलाव त्याला," आत्या म्हणाली.

"बसू दे! लाज असेल तर तिथेच बसतील," यांदे म्हणाली.

त्या थाळीचा मला असा राग यायचा! एका माणसापुरती, उथळ, किरटी. महिन्याभरात लातिर समुद्रावर जाईनासा झाला. मग अंघोळ सुटली, दाढी वाढली. गाल बसले. निम्मा भात कोंबड्या टिपायच्या. कोणी विचारलं तर म्हणायचा, "पोट बरं नाही." यांदे फणकारायची, "माणूस माझा गेला आणि सुतक हे पाळतायत. नाटकं नुसती!"

बघता बघता मोठी मुलगी आपला भात घेऊन ओट्यावर जाऊ लागली, धाकटी खोलीत. यांदे चुलीपाशी उभ्याउभ्या चार घास ढकलायची. आत्या म्हातारी, तिला एकटीला घास गिळवेना. माझ्यात आधी मासे धुतले, मग कपडे भिजवले. भाताच्या जागी साबणाचं पाणी! मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या.

एका दुपारी यांदे खोपटाशेजारी कपडे वाळत घालत होती. मी तिच्या पायाशी होते. आतून लातिरचा आवाज आला. आम्ही दोघींनी पाहिलं. त्याने थाळीतल्या भाताचे दोन वाटे केले होते.

"खा रे, जोगोय. रोज तुझा वाटा तसाच राहतो. बघ, आता मीच येतो तिकडे. मग बरोबर जेवू."

यांदेच्या हातातला ओला कपडा खाली पडला. ती आत घुसली आणि थाळीला अशी लाथ घातली की भात छपराला लागला.

"माझ्या नवऱ्याशी तू एकटाच बोलतोस? चोरून?" थोरल्या दिराला 'तू' म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. "आणि कुठे जायचं म्हणतोस? मला दोन मुली घेऊन इथे बसवून?"

"यांदे, मी..."

"गप! आत्या, भात आणा! पोरींनो, या इकडे!"

तिने माझ्यातलं पाणी ओतलं, मला खसाखसा घासलं आणि त्याच्यासमोर दाणकन आपटलं. माझ्या कडेचा टवका उडाला.

"मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "करीन असंही नाही. पण तो शेवटी काय बोलला ते इथे सांगायचं, सगळ्यांसमोर. आधी जेव."

लातिर जेवला. रडत, ठसकत, भात सांडत. मग म्हणाला, "लाट आली तेव्हा म्हणत होता, यांदेच्या हातचा भात थंड होईल."

पोरी हुंदके देऊ लागल्या. यांदे त्याच्याकडे जळजळीत नजरेने बघत राहिली आणि जेवत राहिली.

एका जेवणाने माणूस बरा होत नाही, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी आत्या आणि यांदे त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. घरी येऊन आत्या सांगत होती, तिथल्या नर्सने झोप कशी लागते ते विचारलं, मरावंसं वाटतं का तेही विचारलं, आणि मग म्हणाली, "जेवता कोणाबरोबर?" गोळ्या सुरू झाल्या. दाढी उतरायला दोन महिने लागले. होडीवर तो अजून जात नाही, किनाऱ्यावर दुसऱ्यांची जाळी विणतो. यांदे त्याच्याशी अजून भांडते, तेही जेवताना, तोंडात घास असताना.

मला तुमची दया नको. टवके उडाले तरी मी टिकेन. पण तुमच्या घरात कोणी ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत असेल, तर त्याला 'नाटकी' म्हणण्याआधी त्याच्यासमोर जाऊन बसा. रागावलेले असाल तर रागातच बसा.