जळालेलं लॉक

इस्लामपुरात लियाकतचा छापखाना होता. तिथला कॉम्प्युटर त्याची मुलगी नौशीन चालवायची. १९९९च्या उन्हाळ्यात लाइटच्या झटक्यातनं मशीन वाचलं, पण मराठी सॉफ्टवेअरचं मागं खोचायचं लॉक जळालं. त्याच्याशिवाय एकही फाइल उघडेना.

त्या फाइलींत वस्तीतल्या राजरत्न गुरुजींच्या आईची, लक्ष्मीबाईंची गाणी होती. चौदा एप्रिलला वस्ती गायची ती सगळी त्यांनीच रचलेली. त्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून त्या नौशीनशेजारी बसून म्हणायच्या आणि नौशीन टाइप करायची. कागदावर अजून काहीच आलं नव्हतं. आता लकव्यानं त्यांची वाचा गेली होती. त्या मिरजेच्या दवाखान्यात होत्या, तिथल्या डॉक्टरांनी आशा सोडली होती.

कंपनीनं फोनवर सांगितलं, लॉक बदलून मिळत नाही, सॉफ्टवेअर नव्यानं घ्या.

"छपाईचं जुनं ट्रेडल मशीन विकू आन् नवं घिऊ," लियाकत म्हणाला. "फुकटापेक्षा विकतचं बरं. अडलं तर विचारायला कोणतरी आसतं."

"आत्ताच विचारलं की, अब्बा."

कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेली, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी नौशीनकडं होती. लिनक्सला लॉक लागत नव्हतं, आणि मराठी जुळवायची सोयही त्यात होती. जुन्या फाइली तशाच ठेवून शेजारी हे बसवू, बाकीची कामं तरी अडणार नाहीत, असं तिनं ठरवलं. बसवताना पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, सगळी डिस्क वापरू का. तिनं घाईत होकार दिला आणि अख्खी डिस्क पुसली गेली. गाणी फ्लॉपीवर काढून ठेवायचं राहूनच गेलं होतं.

लियाकत हळूच म्हणाला, "विकू का ट्रेडल?"

"आता विकत घेऊन काय उघडायचं, अब्बा?"

ती स्वतः गुरुजींच्या घरी गेली. "गुरुजी, माझ्या हातनं गाणी गेली."

गुरुजी उंबऱ्यातच खाली बसले. त्यांची बहीण आम्रपाली मात्र चपला घालून वस्तीत गेली आणि बायका गोळा करून छापखान्यात आली. कुणाला कडवं आठवायचं, कुणाला नुसती चाल. "आसं न्हाई गं, लक्ष्मीआक्का येगळं म्हनायची," म्हणत त्या भांडल्या, रडल्या, पुन्हा गायल्या. नौशीन इंग्रजी अक्षरांत टाइप करत गेली. लिनक्स तेच मराठीत छापून देत होतं. जोडाक्षरं नीट आली, तरी तिला बरं वाटेना.

पुस्तक पातळ झालं. गुरुजींनी ते मिरजेला नेऊन आईच्या उशाशी वाचलं. लक्ष्मीबाईंनी डोळे उघडले नाहीत. दोन दिवसांनी त्या गेल्या.

आजारपणाच्या आधी रचलेली शेवटची दोन गाणी वस्तीनं कधी ऐकलीच नव्हती. ती एकट्या नौशीननं ऐकली होती. पुढं किती दिवस ती मशीनसमोर डोळे मिटून बसायची. एकाचं धृपद आठवलं. दुसऱ्याचं काहीच नाही, फक्त म्हणताना लक्ष्मीबाई मध्येच हसल्या होत्या एवढंच.