अंघोळीला चालेल

पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळतेय, हे कळायला पंपवाल्या शहाण्यांना चार वर्षं लागली. पेट्रोल नीट जळावं म्हणून त्यात एक रसायन घालतात. ते साखरेसारखं पाण्यात विरघळलं आणि जमिनीखालून थेट ताईच्या गल्लीतल्या बोअरपर्यंत पोचलं. ते पाणी उपसून साफ करणारं यंत्र आता पंपामागे बसवलंय. ते मी चालवते.

ताईला पहिल्याच दिवशी मी बजावलं होतं, "हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला घ्यायचं नाही. अंघोळीला चालेल." ताईचं बाळ दीड महिन्याचं. आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारलं की माझं डोकं फिरतं, म्हणून तिनंही विचारलं नाही.

आज सकाळी नवीन तपासनीस बाई आल्या. "यंत्राचा हा मनोरा काय करतो?" त्यांनी विचारलं.

मी पोपटासारखं घडाघड सांगितलं. पाणी वरून बारीक धारांनी पडतं, खालून पंखा हवा मारतो, रसायन पाणी सोडून हवेत जातं. ती हवा कोळशाच्या पिंपातून गाळून सोडायची, उरलेलं पाणी दुसऱ्या पिंपातून.

"हे रसायन चिवट आहे हो, सहजी पाणी सोडत नाही. म्हणून पाणी आधी तापवतो. तापलं की भराभर निघतं."

"आणि बंद जागेत कुणी ती हवा घेतली तर?"

"छे! तसं होऊच द्यायचं नाही."

बोलले आणि थबकले. गरम पाणी. बारीक धारा. बंद जागा. साडेनऊ वाजले होते, बाळाच्या अंघोळीची वेळ.

हेल्मेट तिथेच टाकून मी पळत सुटले. अकरा वर्षं ठिकठिकाणी हेच काम करतेय मी. शेंबड्या पोरालाही कळलं असतं, ते मला कळू नये?

ताईच्या बाथरूमचं दार बंद होतं, खालच्या फटीत टॉवेल खोचलेला. मी दार ढकललं. आत नुसती वाफ. गरम शॉवर धो धो चालू, टबात बाळ, आणि तो गोडसर, औषधासारखा वास.

"दार लाव गं, बाळाला वारं लागेल!" ताई ओरडली.

मी शॉवर बंद केला आणि बाळाला तसंच ओलं उचलून बाहेर आणलं.

"वेड लागलंय का तुला?" ती मागोमाग आली.

"ताई, तू डोकं दुखतं म्हणत होतीस, ते कधी दुखतं?"

"याला अंघोळ घातली की. बाळंतपणानंतर दुखतंच, तूच म्हणालीस ना."

तेही मीच म्हणाले होते. मला माझीच किळस आली. पाण्यातलं हवेत कसं जातं, हवेतलं छातीत कसं जातं, ते मी तिला सांगितलं. तिनं बाळाला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. मला वाटलं, आता थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"अगं, पण मी तर सगळ्या गल्लीला सांगितलंय," ती पुटपुटली. "माझी बहीण तिथेच कामाला आहे, ती म्हणाली अंघोळीला चालेल."

"बाळाला घेऊन गच्चीवर जा," मी म्हटलं आणि शेजारच्या घराकडे धावले. बेल वाजवली.

"थांबा जरा, पोरांच्या अंघोळी चालल्यात!" आतून हसतखेळत आवाज आला.

मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले.