साठ नऊचा पडदा

माझ्या मुलाचं मला एक कळत नाही. दुकानात पडद्याचं कापड आलं की बोटांत चुरगाळेल, उजेडात धरेल, नाकालासुद्धा लावेल, मग भाव करेल. आणि पोरीच्या शाळेला मात्र दारातूनच नापास करून मोकळा! गिऱ्हाईक बिचारं खिडकीचं माप सांगतंय, आणि हा त्याला सरकारी शाळेचं रडगाणं ऐकवतोय.

दुखणं काय, तर आमची टिकली पहिलीत आहे आणि पासष्ट न म्हणता ‘साठ पाच’ म्हणते.

“आई, पुढे लोक हसतील तिला. सोमवारी जाऊन नाव काढतो तिचं. फीवाल्या शाळेत घालतो.”

पोटतिडीक खोटी नव्हती त्याची. पोरीसाठी जीव टाकतो. पण टिकलीने ते ऐकलं आणि दप्तर पोटाशी धरून बसली. “मी गेले तर बाईंना डस्टर कोण देणार?”

मी दुसरीपुढे शाळा पाहिली नाही, पण डोळे शाबूत आहेत. तिला आणायला जरा लवकरच जाते आणि मागच्या बाकावर टेकते. नळ गळतो, पंखा कुरकुरतो, बाई एकटी आणि पोरं वर्गभर. खोटं कशाला बोलू? पण परवा एका पोराने फळ्यावर तीनचा आकडा उलटा काढला, तर बाई म्हणते, “अरे, हा कुठे निघाला तोंड फिरवून? बोलाव त्याला माघारी!” पोरगं हसत हसत नीट काढून आलं. आणि ती आधी साठ पाच शिकवते, मग पासष्ट. दोन्ही. हे मी घरी सांगितलं, तर चिरंजीव म्हणतात, “तुला काय कळतंय त्यातलं!”

बरं बाबा. नाही कळत.

शनिवारी दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई नवा पडदा काखेत मारूनच दुकानात आल्या.

“भाऊ, हा पडदा आहे की फडकं? सगळी फरशी पुसतोय!”

“ताई, तुम्ही फोनवर एकोणसत्तर इंच सांगितलंत. तेवढाच कापलाय. हे काय, तेव्हाच लिहून ठेवलंय,” असं म्हणत त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे खडूने ठसठशीत लिहिलं होतं, ७९.

टिकली टेबलाखाली चिंध्या गोळा करत होती. तिने मान बाहेर काढली. “बाबा, ते तर सत्तर नऊ आहे. एकोणसत्तर म्हणजे साठ नऊ.”

मी शिलाईचं मशीन थांबवलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही मावेना. आमचे साहेब कानापर्यंत लाल.

“घाईत होतो मी,” तो पुटपुटला. मग स्वतःच फिस्सकन हसला आणि खाली वाकला. “बाईसाहेब, आता किती कमी करू?”

“दहा!”

मी पडदा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि डॉक्टरीणबाईंच्या देखत त्याला सुनावलं, “कापड हातात घेतल्याशिवाय भाव करत नाहीस ना? मग सोमवारी मागच्या बाकावर बस आणि त्या बाईचं शिकवणंही बोटांत धरून बघ. नळासाठी भांडायचं असेल तर खुशाल भांड, मीपण येते पदर खोचून. पण पोरीचं नाव शाळेतून काढायचं नाही. ती काढेल तुझं नाव!”