एका वायरीवर दोघं

मला या धंद्याचा वीट आलाय. सोन्यानं माझं काही वाकडं केलेलं नाही, ते बिचारं जमिनीखाली गप पडून असतं. वीट आलाय तो शोधणाऱ्यांचा. आमच्या वाळवंटातल्या अबू हमदच्या बाजारात कुठल्याही चहावालीच्या चुलीपाशी बसा, जो येतो तो एकच विचारतो, तुमचं सोनं हुडकायचं यंत्र किती खोल धरतं? गुडघाभर? कमरेएवढं? अरे, यंत्र आहे का विहिरीत सोडायचा पोहरा?

आमचा करमल्लाही त्यातलाच. करमल्ला म्हणजे माझ्या बायकोचा, तोमाचा, थोरला भाऊ. यंत्र त्याचं, गाडी सिद्दीगची, आणि यंत्राची थाळी जमिनीवरून फिरवत उन्हात चालायचं काम माझं. सोनं सापडलं तर तिघांत वाटणी. सापडलं नाही तर दोष मात्र एकट्या बाबिकरचा, म्हणजे माझा.

हिवाळा सुरू झाल्यापासून आम्ही काळ्या टेकडीखालच्या कोरड्या ओढ्यात होतो. करमल्लानं बाजारातून तांब्याची एक चकती आणली. विकणाऱ्यानं शपथ घेऊन सांगितलं होतं म्हणे, थाळीला चिकटवा, खोली दुप्पट होईल. चिकटवली. यंत्र त्या चकतीलाच सोनं समजून दिवसभर बोंबलत राहिलं.

"बघा दाजी, कसा जोर आलाय!" करमल्ला खूष.

"जोर नाही रे बाबा, ते तुझ्या चकतीला रडतंय. काढ ती."

"तुम्हाला ना, नवीन काही बघवतच नाही."

मग त्याला जोराचं बटण सापडलं. मी ते खाली आणायचं, त्यानं शेवटपर्यंत वर न्यायचं. आमच्या ओढ्यातले दगड लोखंडानं काळे पडलेले. जोर जास्त झाला की यंत्र प्रत्येक दगडाला ओरडतं, आणि त्या ओरडण्यात सोन्याचा आवाज बुडून जातो. जोर थोडा कमी ठेवा, यंत्र त्या जमिनीशी जुळवून घ्या, थाळी जमिनीला लागेल न लागेल अशी धरा आणि म्हाताऱ्या माणसासारखं हळू चाला. खोली ती यातनं मिळते. पण हे फुकट आहे ना, म्हणून कुणाला पटत नाही!

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे हेडफोन. खोलवरचं सोनं काही ओरडत नाही. यंत्राची गुणगुण चाललेली असते, तिच्यात मध्येच जरासा हेल येतो, झोपलेल्या पोरानं कूस बदलावी एवढाच. तिकडचा वारा कानात घोंघावत असताना तो यंत्राच्या उघड्या भोंग्यातून कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही. पण आमच्यात हेडफोनला बंदी. का, तर मागच्या हंगामात यंत्र खिदिरकडे होतं. त्याला हेडफोनमधून आवाज यायचा, तो चेहऱ्यावर काही दाखवायचा नाही, पायानं एक खडा सरकवून खूण करायचा आणि मागाहून एकटाच येऊन खणायचा. आता अतबरा शहरात त्याची बेकरी आहे. तेव्हापासून करमल्लाचा कायदा असा की भोंगा उघडा, जे ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकायचं.

बरं, नुसतं ऐकून भागतंय का? दोघंही माझ्या टाचेला टाच लावून चालणार. करमल्लाच्या खांद्यावर कुदळ, सिद्दीगच्या हातात फावडं, दोघांच्या खिशात फोन. यंत्र सारखं कोकलायचं.

"आला! इथंच!" सिद्दीग ओरडायचा.

"गाढवा, ती तुझ्या फावड्याची बोंब आहे. पन्नास पावलं मागं हो."

"मागं होतो, आणि तुम्ही काय करता ते आकाशातून बघतो का मी?"

शी! किळस यायची मला. अहो, एका ताटातला पिठाचा असीदा खातो आम्ही, एका घागरीतलं पाणी पितो, आणि हे दोघं माझ्या हातांवर अशी नजर ठेवायचे की मी हातच कापून त्यांच्यासमोर टाकावेत. सोडूनच दिलं असतं मी. पण गावात वेगळंच चालू होतं. नळावर बायका तोमाला टोचून विचारायच्या, "काय गं, खिदिरनं बेकरी तरी काढली, तुझ्या नवऱ्यानं कुठं पुरून ठेवलंय?" अशा वेळी सोडून आलो असतो तर सगळ्यांनी म्हटलंच असतं, बघा, पोट भरलं, पळाला. मला एकच पाहिजे होतं. एक चांगला तुकडा सगळ्यांदेखत काढायचा, स्वच्छ हातांनी, म्हणजे माझ्या बायकोसमोर कुणाचं तोंड उघडणार नाही.

त्यात बातमी आली की शेजारच्या ओढ्यात लोडरवाले घुसलेत आणि पुढच्या आठवड्यात आमच्याकडे वळणार. लोडर आला की जमीन पार खरवडून जाते, मागं राहते ती नुसती धूळ. करमल्ला घाबरला.

"दाजी, काहीतरी करा."

"हेडफोन दे. आणि दोघंही कुदळ-फावडं घेऊन गाडीपाशी बसा."

करमल्लानं सिद्दीगकडं पाहिलं. सिद्दीगनं वाळूकडं पाहिलं. शेवटी करमल्लानं डोकं लढवून तोडगा काढला. बाजारातून त्यानं एक वायर आणली, एका टोकाला यंत्र आणि दुसऱ्या टोकाला दोन हेडफोन. एक माझ्या कानावर, एक सिद्दीगच्या. दोघांना ऐकू आलं तरच खणायचं.

काय ते आमचं ध्यान! मी पुढं, सिद्दीग मागं, मध्ये वायर, एका दोरीला बांधलेल्या दोन शेळ्यांसारखे. तो अडखळला की माझं डोकं मागं ओढलं जायचं. पलीकडचे खोदणारे काम टाकून बघायला यायचे. "काय बाबिकर, निकाह झाला का?" असं विचारून खदखदा हसायचे. मी शिव्या गिळत चालत राहिलो. पण एक झालं. वायर सांभाळायची म्हणून सिद्दीगला फावडं गाडीत ठेवायला लागलं, फोनही, आणि करमल्ला कुदळ घेऊन गाडीपाशी बसला. यंत्र शांत झालं, आणि पहिल्यांदाच मला जमीन ऐकू यायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ओढा वळतो तिथं, तो हेल आला. मी थांबलो. थाळी परत फिरवली. परत आला. आडवी फिरवली, तरी आला. दगडाचा आवाज असा राहत नाही, दिशा बदलली की तुटतो.

"ऐकलंस?" मी म्हटलं.

"काय?"

"हे. आत्ता. हे बघ, आत्ता!"

सिद्दीगनं डोळे मिटले, मान तिरकी केली, आणि म्हणाला, "काही नाही."

मी पाच-सहा वेळा फिरवून दाखवलं. काही नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस दगड दळायच्या गिरणीवर कित्येक वर्षं राबलेला. शेजारी बसून हाक मारली तरी तो "आँ?" करतो. मी त्याचा हेडफोन उतरवला आणि हळूच त्याच्या पाठीमागं म्हटलं, "सिद्दीग, तुझ्या गाडीला आग लागली." तो शांतपणे वाळू बघत उभा.

"करमल्ला!" मी ओरडलो, "तू माझ्यावर पहारेकरी नेमलास तो बहिरा आहे रे!"

सिद्दीगला ते मात्र बरोबर ऐकू आलं. "बहिरा तुझा बाप! तिथं काही नाहीये. आम्हाला इथं खणत ठेवून दमवायचं आणि मागनं दुसरीकडं जायचं, असा बेत आहे याचा."

करमल्ला गाडीपासून धावत आला आणि म्हणाला, "दाजी, ठरलंय ते ठरलंय. दोघांना ऐकू आलं तरच."

माझं डोकंच सणकलं. "ठीक आहे. मी एकटा खणतो. पण तुम्ही दोघं इथंच बसायचं, खड्ड्याच्या काठावर. डोळ्यांची पापणी हलवायची नाही."

मी अंगातला लांब जलाबिया काढून त्यांच्या अंगावर फेकला आणि नुसत्या विजारीवर खणायला लागलो. ते बसले, खजूर खात, बिया खड्ड्यात टाकत. घोट्याएवढं झालं, गुडघ्याएवढं झालं. खडकाळ माती, हाताला फोड. प्रत्येक थराला थाळी धरायची, आवाज मोठा होत होता. मांडीएवढं झालं तेव्हा सिद्दीग हेडफोन दाबून उडालाच, "आला! मला आला आवाज! मी म्हटलंच होतं!"

हलकट माणूस.

मी मातीत हात घातला. तीन खजूर एकमेकांना चिकटल्यासारखा तुकडा, आणि त्याचं वजन... वजन हाताला कळतं. मी तो वर धरला आणि करमल्लाच्या मांडीवर ठेवला. त्याला रडू फुटलं. सिद्दीगनं वाळूत डोकं टेकलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

मग करमल्लानं डोळे पुसले, घसा खाकरला.

"दाजी, वाईट वाटून घेऊ नका. पण पद्धत म्हणून."

"कसली पद्धत?"

"म्हणजे खड्ड्यात तुमचे हात आमच्या नजरेआड होते ना थोडा वेळ."

विजारीचे खिसे उलटे केले. पागोटं सोडून झटकलं. चपलांच्या तळव्यांत बोटं घातली. सिद्दीग म्हणाला, "तोंड." मी तोंड उघडलं. चाळिशी उलटलेला माणूस मी, मला मुली आहेत, आणि मी वाळवंटात उभा राहून मेव्हण्याला जीभ उचलून दाखवली. एवढ्यानंही भागलं नाही, म्हणून करमल्लानं यंत्राची थाळी माझ्या पोटावरनं, पाठीवरनं फिरवली. यंत्र गप्प राहिलं. तेव्हा कुठं दोघांनी मला मिठी मारली.

पण मी म्हटलं, जाऊ दे. झालं ते बरंच झालं. आता साक्षीदार आहेत. आता कुणी काही बोलायचं नाही.

गावात करमल्लानं मेंढा कापला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या दाजींसारखा प्रामाणिक माणूस शोधून सापडणार नाही, आम्ही तपासलंय!" लोकांनी माना डोलावल्या. नळावरच्या बायकांच्या नवऱ्यांनी माझे हात हातात घेतले. मी घरी आलो तो हलका होऊन.

तोमानं पाणी तापवून ठेवलं होतं. हाताच्या फोडांना तिनं तिळाचं तेल लावलं. मी तिला सगळं सांगितलं, वायर, बहिरा सिद्दीग, तोंड उघडलं ते, थाळी फिरवली ते. ऐकताना तिचे डोळे भरून आले. माझ्या भावाला लाज कशी वाटली नाही, असं म्हणाली, त्याला दोन शिव्याही घातल्या. मला वाटलं, चला, हिच्यासाठी केलं ते फळाला आलं.

मग तिनं उठून दाराची कडी लावली. माझ्याजवळ सरकून बसली, आणि इतक्या प्रेमानं हसली, लग्नाच्या वर्षी हसायची तशी.

"अहो," ती कानाशी येऊन म्हणाली, "त्यांना नाही सापडलं ते बरंच झालं. पण मला तरी सांगा ना, कुठं लपवलंत?"